कागदावरचा उजवा हात

मी एक जुना लाकडी ठसा आहे. मित्रांनो, माझं तोंड काळं आहे म्हणून हसू नका. ती छापायची शाई आहे, आणि मला तिचा भारी अभिमान आहे!

आधी मी जेवणाच्या टेबलाची फळी होतो. लढाईत घरावर बॉम्ब पडला आणि टेबलाचे दोन तुकडे झाले. लढाई संपल्यावर त्या घरातल्या चित्रकार ताईने मला घासूनपुसून माझ्यावर चित्र कोरायला घेतलं. चित्र तिच्या भावाचं होतं. डावा हात लढाईत गेलेला, काम कुणी देत नव्हतं.

"बाहेर पडलं की लोक कीव करतात," असं म्हणून तो दाराकडे पाठ करून बसायचा. ताईचा जीव तुटायचा. चित्राखाली तिने कोरलं, 'लढाई जिंकली. आता काम द्या.'

शेवटी मला शाई लागली! ताईने वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला, अलगद उचलला आणि कपाळावर हात मारून घेतला. ठशातून सगळं उलटं उमटतं, म्हणून अक्षरं तिने आठवणीने उलटी कोरली होती. भावाला मात्र दिसला तसाच कोरला. कागदावर त्याचा उजवा हात गेलेला!

"अगं, उरलेला हातही घालवलास की!" भाऊ खो खो हसला. लढाईनंतर पहिल्यांदाच. आनंदाने मी तडकतो की काय असं मला झालं.

दुसरी फळी कुठून आणणार? ताईने तशीच आणखी चित्रं छापून रस्त्यावरच्या भिंतींवर चिकटवली. दोन दिवसांनी ती बाहेर गेलेली असताना घर विचारत विचारत दारात एक सुतार आला. त्याची उजवी बाही रिकामी होती.

"माझं चित्र कुणी काढलं?" त्याचे डोळे भरले होते. "आणखी छापा ना. आमच्या गल्लीत असे नऊ जण आहेत."

भाऊ गडबडला. "कागद धरायला एक हात लागतो, घासायला दुसरा. मला एकट्याला कसं जमणार?"

"माझा डावा आहे की!"

मित्रांनो, त्या दिवशी दोघांनी साठ कागद छापले! शाई नाकाला, कानाला, सगळीकडे. मग भाऊ ओली चित्रं घेऊन स्वतः चौकात निघाला. दार लावायचंही विसरला.

आता मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. असा एखादा ठसा सापडला तर जळणात घालू नका. खुशाल पुसा, पुन्हा शाई लावा. माझ्या कडांवर दोन काळे अंगठे उमटलेले आहेत, एक डावा आणि एक उजवा. तेवढे मात्र राहू द्या.