पिराजीचा पृथ्वीराज

आमच्या कुरुंद्याकडच्या गावात मुसलमानाचं एकही घर नाही, तरी मोहरमची सवारी दरवर्षी उठायची. हिरव्या कापडात गुंडाळलेला चांदीचा पंजा, देवळासमोरच्या खड्ड्यात पेटलेला अलावा, आणि पंजा खांद्यावर घेणारे सगळे आमचेच काके-मामे. त्याचं नवल मला औरंगाबादला शिकायला गेल्यावर वाटलं. त्या नवलापायी मी फारसी शिकले, हैदराबादच्या दप्तरांतली धूळ खाल्ली आणि मुसलमानी समाजांच्या इतिहासात डॉक्टर झाले. तेव्हा गाव म्हणायचं, "मिनीला आपला इतिहास पुरंना काहून?"

तेच गाव दोन हजार चार साली शाल-नारळ घेऊन माझ्या हिंगोलीच्या घरी आलं. पुढे पृथ्वीराज. याचं खरं नाव पिराजी. याच्या आईची, गोजरकाकूंची, लेकरं जगत नव्हती. त्यांनी सवारीतल्या पिराला नवस केला, हा जगला, म्हणून पिराजी. लहानपणी मोहरमात गळ्यात पिराच्या नावाचा नाडा घालून, फकीर होऊन दारोदार मागायचा आणि सवारीच्या नैवेद्याचे गोड चोंगे दोन्ही हातांनी खायचा. निवडणुकीचं वारं लागलं तसं या साहेबांनी नाव बदललं.

"मिनाताई, पंजा मुळात देवीचाच, निजामानं त्याचा पीर केला, एवढं लिवून द्या. मंग सवारी बंद, देवीचं ठाणं चालू."

"पुरावा?"

"तुमी लिवलं की झाला पुरावा! डॉक्टर हाव ना तुमी?"

माझ्या सगळ्या शिक्षणाचा याला एवढाच उपयोग दिसत होता. किळस आली मला. म्हटलं, "नाही लिहिणार. आणि तुझं नाव कुणाच्या कृपेचं रे, पिराजी?" तो निर्लज्जासारखा हसला आणि नारळ टेबलावर ठेवून गेला.

सवारी उठते की नाही या धास्तीनं मी मोहरमला गावी गेले. अलावा बुजवला होता. वर शेंदूर फासलेला नवा ओटा. गेल्या साली पंजा उचलणारेच चपला काढून पाया पडत होते. एकाचीही नजर वर होईना. शेजारी पत्र्याचा बोर्ड: 'देवीचे प्राचीन ठाणे. संशोधन: डॉ. मिना. सौजन्य: पृथ्वीराज.'

रंग अजून ओला होता. पदर घेऊन मी माझं नाव पुसायला लागले.

ओट्याच्या कडेला गोजरकाकू चोंग्यांचं ताट घेऊन बसल्या होत्या. नैवेद्य दाखवायचा कुणाला, हेच त्यांना कळेना.

"काय पुसून राहिलीस गं?"

"माझं नाव, काकू. यांनी खोट्याला लावलंय."

"माझ्या पिराजीचं हाय का त्याच्यावर?"

"पिराजी नाही. पृथ्वीराज लिहिलंय."

काकूंनी ताट खाली ठेवलं आणि आपल्या लुगड्याचा पदर माझ्या हातात दिला.

"मंग तेबी पूस," त्या म्हणाल्या. "त्या नावाचं लेकरू म्या जनलं न्हाई."