बटण दाबलं तरी दिवा गेला नाही

वरच्या मजल्यावरच्या लाँड्रीपासून सुरू झालेली रांग जिना उतरून थेट माझ्या दारातल्या पायपुसण्यापर्यंत आली होती. कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, कोणाची आखडलेली मान. आणि या सगळ्यांना हात लावायचा होता तो कपडे धुण्याच्या एका मशीनला!

"खरंच झिणझिण्या येतात हो," दर्शन घेऊन उतरणारे एक गृहस्थ तळवा पुढे करून सांगत होते. "पार खांद्यापर्यंत!"

"आणि गुडघा?" रांगेतल्या एकीने विचारलं.

"गुडघा आहे तसाच आहे. पण बाबा म्हणाले, शक्ती वरून खाली उतरते. माझी अजून खांद्यापर्यंतच आलीय."

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर काय करायचं, हे मी सातवीच्या वर्गाला सांगत आले. 'दर्शन घ्यायचं' असं कुठल्याच पोराने पेपरात लिहिलं नव्हतं.

वर राहतात सासू, मुलगा आणि सून. हॉटेलांच्या चादरी घरीच धुऊन द्यायचा त्यांचा धंदा. मुलगा दिवसभर गाठोडी पोचवत फिरतो, म्हणजे मशीन चालवायचं ते सुनेने. सासरे गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत घरातले दिवे जायला लागले. सुनेने गरम पाणी लावून मशीन सुरू केलं की थोड्या वेळात खट्! सगळं घर अंधारात. तिच्याच हाताखाली अंधार होतो म्हटल्यावर दोष कोणाच्या माथी बसणार, हे सांगायला नकोच. म्हातारा सुनेवर कोपलाय, असं आधी शेजारणी बोलल्या, मग सासू बोलली. शेवटी तिला माहेरी धाडायचं ठरलं, आणि बॅग भरून दाराशी ठेवलेली असताना कोणीतरी लाइटबाबांचं नाव काढलं.

बाबा आले तेव्हा मीही वर गेले होते. मीटरशेजारच्या भिंतीवरच्या स्विचच्या डब्यासमोर त्यांनी डोळे मिटले, नाकाने जोरात श्वास घेतला आणि गरजले, "इथे बसलाय! बोट लावलं की चवताळतो. बघायचंय?"

त्यांनी डब्यावरचं 'T' लिहिलेलं एक बारीक बटण दाबलं. खट्. दिवा गेला. बायका किंचाळल्या.

"आता बंधन घालतो. सगळ्यांनी जिन्यात जा. आत्मा निघताना कोणाच्या अंगात शिरला तर मी जबाबदार नाही!"

एवढं ऐकल्यावर जिना भरायला कितीसा वेळ लागणार! आत राहिले बाबा आणि त्यांचा शिष्य. शिष्याच्या झोळीतून उदबत्तीच्या पुड्याशेजारी पकडीची मूठ डोकावत होती, ती मला दिसली. इतरांनाही दिसली असेल, पण पाहायचं कोणाला होतं?

आम्हाला परत आत घेतलं तेव्हा डब्याला लाल फडकं गुंडाळलेलं होतं. बाबांनी फडक्यावरूनच बटण दाबलं. दिवा चालूच. पुन्हा दाबलं. चालूच. टाळ्यांचा कडकडाट झाला, सासूने डोळ्यांना पदर लावला.

"अहो, ते बटण तपासायचं असतं!" मी ओरडले. "एका तारेने जेवढी वीज आत जाते तेवढीच दुसरीने परत यावी लागते. वाटेत कुठे गळाली, माणसाच्या अंगातून जमिनीत गेली, तर हा स्विच ती त्याच क्षणी तोडतो. तो अजून जागा आहे ना, हे बघायला ते बटण असतं. दाबल्यावर दिवा जायलाच हवा! गेला नाही म्हणजे राखणदार मेला!"

"बाई," बाबा गोड हसले, "पुस्तकात आत्मा नसतो."

लोकही हसले. तेवढ्यात सुनेने मशीन सुरू केलं, झाकणाला हात लावला आणि चटकन मागे ओढला. बाबांची पापणीही लवली नाही. "आली! कोंडलेला आत्मा आता शक्ती होऊन सेवा करतोय!"

दुसऱ्या दिवसापासून रांग. नियम बाबांचे: चपला बाहेर, पाय धुऊन आत, पुसायचे नाहीत. ओल्या पायांनी शक्ती जोरात येते, असं ते सांगत. त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

मी टेस्टर घेऊन गेले आणि सगळ्यांदेखत मशीनच्या पत्र्याला लावला. आतला लाल दिवा पेटला. "बघा, वीज बाहेर पत्र्यावर आलीय!"

"बघा, बघा!" बाबा म्हणाले. "अविश्वासी हातातसुद्धा ज्योत पेटली!" आणि दोन म्हाताऱ्यांनी मलाच नमस्कार केला. काय बोलणार कपाळ!

वीज कंपनीच्या ऑफिसात गेले, तर मीटरच्या पुढचं आमच्याकडे येत नाही म्हणाले. सुनेच्या नवऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "बाई, आता कुठे घरात शांतता आलीय, राहू द्या ना."

मग सूनच खाली आली.

"बाई, तो डबा पहिल्यासारखा केला तर दिवे परत जातील का हो?"

"जातील. मशीनमधली पाणी तापवायची कॉइल चिरलीय, ती बदलेपर्यंत जाणारच."

"आणि दिवे गेले की मीही जाणार." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "काल आईंनी मला विचारलं, जेवलीस का म्हणून. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. नका ना काही करू."

तिला मरणाची भीती नव्हती असं नाही, पण दाराशी ठेवलेल्या त्या बॅगेची जास्त होती. आम्ही ठरवलं, शनिवारी बाबांची फेरी दुसरीकडे असते, तेव्हा माझा ओळखीचा वायरमन आणायचा. आधी कॉइल बदलायची, अर्थिंगची गंजलेली तार नवी घालायची आणि मग स्विच जोडायचा. गळतीच नसली तर दिवे जाणार नाहीत, आणि बाबांचं बंधनही कोणाला मोडलेलं दिसणार नाही.

"तोवर चालू मशीनला हात लावू नकोस. चपला घाल."

"त्या खोलीत चपला घातल्या तर लोक मला फाडून खातील. आणि चादरी कोण धुणार, बाई?"

गुरुवारी दुपारी रांग ओसरल्यावर माझ्या छतावर बादली आपटल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मी आधी जिन्याखालचा मेन स्विच पाडला आणि मग वर धावले. शेकडो ओल्या पायांची फरशी पुसता पुसता तिने एका हाताने लोखंडी नळ धरला होता आणि दुसरा हात मशीनला टेकला होता. अँब्युलन्स येईपर्यंत मी तिची छाती दाबत राहिले. ती काही परत आली नाही.

लोक जमले. मी सगळ्यांसमोर ते लाल फडकं फाडलं. आत येणारी तार आणि बाहेर जाणारी तार एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि बिचारा स्विच बाजूला रिकामा. "हे तुमचं बंधन," मी म्हटलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "पण दिवे जायचे थांबले होते, हे मात्र खरं हां."

पोलिसांनी अपघात लिहिला. बाबा म्हणाले, पोरीने अशुद्ध हात लावला. मशीन ते आपल्या मठात घेऊन गेले. रांग आता तिकडे असते, आणि इथल्यापेक्षा मोठी असते असं ऐकते.

परवा सासू माझ्या दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही.

"बाई, ते बटण दाबल्यावर दिवा जायला हवा होता ना?"

"हो."

"मग आधी सून मशीन लावायची आणि दिवे जायचे, तेव्हा..."

"तेव्हा तो स्विच तिला वाचवत होता. दर वेळी."

"आणि मी दर वेळी तिला शिव्या घालत होते," ती म्हणाली आणि जिन्याच्या कठड्याला धरून तिथेच खाली बसली. मी तिला पाणी आणून दिलं.

तुम्हाला सांगते, ऐकाल अशी फारशी आशा नाही तरी. घरातल्या त्या डब्यावरचं बटण आज दाबा, आणि अधूनमधून दाबत जा. दिवा गेला तर स्विच वर करा आणि कामाला लागा. गेला नाही तर जाणता वायरमन बोलवा. आणि दिवे सारखे जात असतील तर सगळे प्लग काढा, एकेक परत लावा, कोणत्या वस्तूने दिवा जातो ते बघा. दोष त्या वस्तूत असतो. घरातल्या सुनेकडे बघू नका.