देवळाला नाव कुणाचं

सकाळची भाकरी-चटणी उरकली की बसलिंगव्वा वसाहतीतल्या पत्र्याच्या घराला कडी घालायची आणि मलप्रभेच्या काठानं अर्धा कोस चालत जुन्या हिरेबनूरला यायची. तारेच्या कुंपणातलं तिसरं देऊळ तिचं. तिचं म्हणजे, तेराव्या वर्षी ती नवरी होऊन तिथं आली आणि तीस वर्षं तिथं नांदली. देव कुठल्या काळी निघून गेले होते कुणास ठाऊक, गावाला घरं कमी पडत होती, मग माणसं राहिली. राहू नये तर काय करावं? मंडपात चूल, गाभाऱ्यात जोंधळ्याची कणगी, पुढच्या ओवरीत म्हैस. खांबावरच्या यक्षानं हात वर केलेला होता, त्या हाताला नवरा आपला पटका अडकवायचा.

पुढं सरकारनं गाव उठवलं, पलीकडच्या माळावर वसवलं आणि देवळं धुऊन काढली. छताला तिच्या चुलीचा तीस वर्षांचा धूर होता, तोही औषध लावून खरवडला. आता लांबलांबचे लोक चपला वाजवत येतात, मान वर करून कमळं बघतात आणि जातात. बसलिंगव्वा चुलीच्या कोपऱ्यात टेकून बसते. पाहुण्यांना वाटतं म्हातारी भीक मागते. एकानं हातावर केळं ठेवलं, ते तिनं माकडाला दिलं.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. पोर जगलं नव्हतं. नवऱ्याला शेताच्या बांधावर पुरलं, तर चार वर्षांत बंधारा झाला आणि शेतासकट ती जागाही पाण्याखाली गेली. त्याचं असं काही उरलंच नव्हतं.

म्हणून शैलजा मॅडम आल्या तेव्हा म्हातारीच्या जिवात जीव आला. मॅडम धारवाडच्या, पुरातत्त्व खात्यातल्या, वयानं तिशीच्या, हातात वही. त्या म्हणाल्या, "अव्वा, इथल्या देवळांना तुम्ही लोक राहणाऱ्यांच्या नावानंच ओळखता ना? तीच नावं दगडावर कोरून दारात लावायचीत. पहिलं तराळाचं, दुसरं दुर्गव्वाचं. या तिसऱ्यात कोण राहायचं?"

"आम्हीच की."

"आम्ही म्हणजे? घरच्या मालकांचं नाव?"

बसलिंगव्वानं पदर तोंडाशी नेला. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. तिनं कधीच घेतलं नव्हतं. लग्नात बायका उखाण्यासाठी मागं लागल्या तेव्हा ती इतकी रडली की सासूच म्हणाली, राहू द्या गं पोरीला. असं कुणी विचारलं की शेजारचं कुणीतरी सांगून टाकायचं, ही रीतच होती. तिनं आजूबाजूला पाहिलं. ओवरीत दुंडप्पा पान कुटत बसला होता. तो या देवळात कधी राहिला नव्हता, एका दुष्काळात त्यानं आपल्या दोन म्हशी इथं बांधल्या होत्या, तेवढंच. पण जुना माणूस.

"याला विचारा, हा सांगेल," ती म्हणाली आणि लाजेनं भिंतीकडं तोंड करून बसली.

मॅडमना वाटलं, हाच म्हातारा हिचा नवरा. त्यांनी विचारलं, "अज्जा, नाव सांगा तुमचं."

"दुंडप्पा," दुंडप्पा म्हणाला. त्याला त्याचंच नाव विचारलं होतं, त्यानं त्याचंच सांगितलं.

महिनाभरानं पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. तिसऱ्या देवळापुढं लिहिलं होतं, दुंडप्पा आणि पत्नी बसलिंगव्वा. कुणीतरी मोठ्यानं वाचली आणि वसाहतभर हसू फुटलं. नळावर बायकांना तर कामच मिळालं.

"काय गं अव्वा, सत्तरीत दुसरं लग्न केलंस आणि आम्हाला जेवणही नाही?"

"तुझ्या सासऱ्याला विचारलं होतं, तो नको म्हणाला," बसलिंगव्वा म्हणाली आणि घागर उचलून चालू पडली. घरी येऊन दार लावून मात्र रडली. संध्याकाळी दुंडप्पाकडं गेली.

"खाडाखोड करून ये. चूक तुझी आहे."

"माझी कशी? मला नाव विचारलं, मी सांगितलं. आता दगडावर येतंय तर येऊ दे की. माझ्या पोरांना गोव्यात बसून माझं नाव आठवत नाही."

"अरे, तुझ्या म्हशी राहिल्या तिथं. त्यांची नावं दे."

दुंडप्पा हसला, पण उठला नाही.

मॅडम यादी पक्की करायला आल्या त्या दिवशी बसलिंगव्वा रेशनकार्ड घेऊन देवळाच्या दारात उभी होती. मॅडमनी सगळं ऐकलं. त्यांना वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसतच होतं. पण त्या म्हणाल्या, "कार्डावर नाव आहे, अव्वा. पण ते इथं राहायचे असं कार्ड कुठं सांगतं? साक्ष तोंडी लागते, तीही या देवळात राहिलेल्या माणसाची. तुमच्या तोंडून हवं, या फोनमध्ये. उद्या यादी कोरायला जातेय."

"दुसरं कुणी बोललं तर?"

"दुसरं कोण उरलंय?"

कुणी नव्हतं, हे खरंच. मॅडम मवाळ होऊन म्हणाल्या, "उखाण्यात घ्या हवं तर."

"उखाणा जिवंत नवऱ्याचा घेतात, बाई."

हे बोलली आणि स्वतःच दचकली. मग तर नाव घ्यायला काय हरकत होती? आयुष्य घटायला आयुष्य राहिलंच कुठं होतं? अकरा वर्षं ती जीभ आवरून बसली होती, ती कुणासाठी? आणि तरीही ओठ हलेनात. नाव गिळलं की कुठंतरी काहीतरी शाबूत आहे असं तिला वाटायचं. आज ते तोंडातून गेलं की तो गेलाच.

मॅडमनी फोन पुढं धरला. बसलिंगव्वानं खांबाला हात लावला.

"या देवळात माझा नवरा राहायचा. निजगुणप्पा."

"जरा मोठ्यानं, अव्वा. वाऱ्यात नीट आलं नाही."

"निजगुणप्पा."

"आता बरोबर आलं. दगडावर हेच येईल, मी स्वतः बघते." मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले, मग घड्याळ पाहिलं आणि त्या पुढच्या देवळाकडं गेल्या.

मंडपात कुणीच उरलं नाही. तिला बरं वाटायला हवं होतं. दगड लागणार होता, दुंडप्पाचं नाव पुसलं जाणार होतं, हवं ते सगळं झालं होतं. पण जीभ एकदा सैल झाली ती झालीच. तिनं नाव पुन्हा घेतलं, हळू, मग एखाद्याला बोलवावं तसं. संसार तीस वर्षांचा इथला, पुढचा वसाहतीतला, आणि सगळा 'अहो, ऐकलं का'वर चालला. तो शेताच्या टोकाला असला आणि भाकरी झाली की ती दारात उभी राहून परात बडवायची. नावानं हाक मारली असती तर तो कसा वळला असता, लाजला असता की रागावला असता, तिला ठाऊक नव्हतं. आता कळायचंही नव्हतं.

"निजगुणप्पा," ती म्हणाली. "जेवायला या."