पोतेऱ्याचं पाप

पॅकिंगच्या शेडमध्ये त्या सकाळी बासष्ट माणसं रांगेत उभी होती आणि आवाज फक्त पंख्याचा येत होता. एवढी माणसं एवढी गप्प मी त्याआधी एकदाच पाहिली होती, मालकांचं भाषण चालू असताना. पण तेव्हा निम्मी झोपली होती. आज सगळी टक्क जागी होती.

रांगेच्या टोकाला टेबल, टेबलावर लाल कापड, कापडावर काळी पेटी. पेटीला काच, काचेमागे काटा. पेटीतून दोन वायरी बाहेर आलेल्या आणि त्यांच्या टोकांना वीतभर लांबीच्या दोन सळया. एक लालसर, एक पांढुरकी. टेबलामागे काटेबुवा डोळे अर्धे मिटून बसले होते. पूर्ण मिटले तर काटा कसा दिसणार?

"डाव्या हातात चंद्र धरा," बुवा म्हणाले, "उजव्या हातात सूर्य. मध्ये कोण? मध्ये तुमचं मन. मन स्वच्छ तर काटा स्वस्थ. काट्याला नातं नाही, काट्याला ओळख नाही, काटा कधी रजेवर जात नाही."

पहिला नंबर गेटवरच्या पहारेकऱ्याचा लागला. काटा जरासा उचलला. बुवांनी मान डोलावली. "परवा दुपारी तू गेटवर झोपला होतास."

पहारेकऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता पहारेकरी दुपारी झोपतो हे सांगायला बुवा कशाला लागतो? पण शेडभर एक सुस्कारा उठला, आणि मागची माणसं आपापले तळहात पँटला पुसू लागली.

हे सगळं घडत होतं ते अंगठ्याच्या नखाएवढ्या एका पत्र्यापायी. आमचा कारखाना धातूंवर मुलामा चढवण्याचा. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा आहे. तिथे धातूच्या पट्ट्या द्रावणात बुडवून त्यांच्यात किती व्होल्ट उभे राहतात ते मोजतात, म्हणजे कुठला मुलामा टिकेल आणि कुठला गंजेल ते कळतं. त्या कामाचा प्लॅटिनमचा पत्रा काचेच्या दांडीला जोडलेला असतो. ती दांडी फुंकणारा मी. मला सगळे काचकाका म्हणतात. सोमवारी तो पत्रा दांडीसकट गायब झाला. प्रयोगशाळेचे मोठे साहेब तीन दिवस जेवले नाहीत. पत्रा त्यांच्या ताब्यातला, जबाब त्यांनाच द्यायचा. चौथ्या दिवशी त्यांच्या मेव्हण्याने हे बुवा सुचवले. शिकलेला माणूस एकदा घाबरला की अडाण्याच्या दोन पावलं पुढे जातो, हे मी तेव्हा पाहिलं.

घाबरलो मीही होतो, आणि माझी भीती जरा वेगळी होती. पत्रा मी घेतला नव्हता. पण थापा मारण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कारखान्यात कोणी नाही. मी एकदा इतका पातळ फुगा फुंकला होता की तो खिडकीतून उडून गेला आणि गुरुवारी परत आला, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला शपथेवर सांगत आलोय. चाळीस वर्षांच्या थापा जर त्या काट्यावर एकदम चढल्या, तर काच फोडून काटा बाहेर येईल, असं मला वाटत होतं.

माझा नंबर आला. सळया धरल्या. डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. काटा शून्यावर झोपलेला.

बुवांनी हात जोडले. "इतका निर्मळ आत्मा मी कित्येक वर्षांत पाहिला नाही."

मागे कुणाला तरी ठसका लागला. आणि मला त्या क्षणी कळलं की यंत्रात काहीतरी गडबड आहे. मी निर्मळ? माझी आईसुद्धा असं कधी म्हणाली नव्हती. मी आपली बोटं पाहिली. चाळीस वर्षं ज्योतीपुढे भाजून भाजून कातडं चपलेच्या तळासारखं झालेलं. जाड आणि कोरडंठाक.

पण विचार पुरा व्हायच्या आत मावशींचा नंबर लागला.

मावशी म्हणजे वरच्या प्रयोगशाळेतल्या. अठरा वर्षं काचसामान धुतात, द्रावणं भरतात, साहेब यायच्या आत टेबलावर मांडामांड करून ठेवतात. त्या दिवशी मापाच्या नळीत खारं पाणी भरत होत्या, तिथून तशाच उठवून आणल्या होत्या. हात पुसायलासुद्धा वेळ दिला नव्हता. त्यांनी सळया धरल्या मात्र, काटा सणकन गेला आणि पलीकडच्या टोकाला आपटला. टक्.

आजूबाजूची माणसं एकेक पाऊल मागे सरली. अठरा वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायली, ती माणसं.

"मी नाही घेतला," मावशी म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता. सळया त्यांनी आणखी घट्ट धरल्या होत्या, बुडणारा माणूस दोर धरतो तशा. काटा थरथरला.

"पाहा," बुवा म्हणाले. "खोटं बोललं की थरथरतो."

"मावशी," मोठे साहेब पुढे आले, "कुठे ठेवलाय तेवढं सांगा. मी कुणाला काही बोलणार नाही."

"साहेब, मी कशाला घेईन? मला तो कुठे विकायचा ते तरी माहीत आहे का?"

"पाप मुरलेलं आहे," बुवांनी निकाल दिला. "अशाला थोडी वीज द्यावी लागते. वीज अंगातून गेली की जीभ आपोआप सुटते. आपल्याकडे वर यंत्र असेलच."

होतं. अ‍ॅल्युमिनियमवर कडक थर चढवायचं पॉवर सप्लाय, शंभराच्या वर व्होल्ट देणारं. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "जरासं द्यायचं," ते म्हणाले, जणू स्वतःलाच सांगत होते. "अगदी जरासं."

वायरमनने ते ढकलगाडीवर घालून खाली आणलं. प्लग लावताना तो साहेबांकडे न बघता म्हणाला, "साहेब, मला लेखी द्या."

"काय लेखी?"

"की मी नको म्हणत होतो."

बुवांनी मावशींना खुर्चीत बसवलं. पेटीच्या वायरी काढून सप्लायचे चिमटे सळयांना लावले. मावशींचे हात अजून ओले होते. मला दिसत होतं पुढे काय होणार ते. खारट ओले हात, दोन्हीकडे धातू घट्ट धरलेला. प्रवाहाला एका हातातून दुसऱ्या हाताकडे जायचं तर वाट छातीतून. शिवाय वीज लागली की मूठ आवळली जाते. सोड म्हटलं तरी सळई सुटत नाही. आमच्याकडे म्हणूनच शिकवतात की चालू यंत्राजवळ एक हात खिशात, हात कोरडे, आणि वायरीला शिवायच्या आधी बटण बंद.

"साहेब, थांबा," मी म्हणालो. "या बाई मरतील. शंभर व्होल्ट काळजातून जातील. मी डोळ्यांनी पाहिलंय असं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काचकाका, आज गोष्टी नकोत."

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो, आणि एकानेही मानलं नाही. बासष्ट चेहऱ्यांवरून मी नजर फिरवली. सगळ्यांच्या डोळ्यांत तोच उडालेला फुगा. माझ्या सगळ्या थापांची परतफेड त्या एका क्षणात झाली, आणि ती मला नाही, मावशींना भोगावी लागणार होती.

वायरमनचं बोट बटणावर होतं.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, अगदी हळू, रोज सकाळी विचारतात तशा: "साहेब, ब्लँक घेतला का?"

साहेब जागच्या जागी थिजले.

प्रयोगशाळेच्या दारावर साहेबांनीच स्वतःच्या हाताने पाटी रंगवलेली आहे: *आधी ब्लँक, मग नमुना*. काहीही मोजायचं तर आधी पट्ट्या धुवायच्या, पुसायच्या, आणि ज्यात नमुना नाही अशा नुसत्या पाण्याचं माप घ्यायचं. तेच काटा हलवत असेल, तर दोष नमुन्याला देता येत नाही. ब्लँक घेतला नाही म्हणून साहेबांनी एका धाकट्या केमिस्टचं पंधरा दिवसांचं काम कचऱ्यात टाकलं होतं.

"बीकरला आपण इतकं करतो," मावशी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज आता धरला होता. "आधी धुतो, पुसतो, ब्लँक घेतो. मी काय बीकरपेक्षा हलकी आहे का, साहेब?"

"प्लग काढ," साहेब म्हणाले. वायरमनने तो 'काढ'च्या आधीच काढला होता.

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," बुवा घाईने म्हणाले. "यंत्र रुसतं."

"रुसू दे," साहेब म्हणाले. "आमची रोज रुसतात."

चिमटे निघाले, सळया पुन्हा पेटीला जोडल्या गेल्या. हवेत धरल्या. काटा शून्य. मग मावशी उठल्या. कोपऱ्यातल्या बादलीपर्यंत गेल्या आणि फरशी पुसायचं ओलं पोतेरं घेऊन आल्या. त्याची घडी टेबलावर ठेवली, एका अंगाला चंद्र टेकवला, दुसऱ्या अंगाला सूर्य.

टक्.

काटा त्याच टोकाला जाऊन आपटला, जिथे मावशींच्या वेळी आपटला होता.

मग वायरमन म्हणाला, "म्हणजे पोतेऱ्यानं घेतला."

कोणी तरी हसलं. भेदरलेल्या माणसाचं हसू, रडण्याला चिकटून असतं तसं.

"त्या फडक्याला चोराचा हात लागलाय," बुवांनी सारवासारव केली.

मावशींनी वरून गाळणकागदाचा नवा गठ्ठा मागवला. सगळ्यांसमोर फोडला, एक कागद खाऱ्या पाण्यात बुडवला, सळयांच्या मध्ये धरला. टक्. "हा आत्ता पाकिटातून निघाला, महाराज. याने कधी चोरी केली?"

मग साहेबांनी वायरमनकडून तांब्याचे दोन सारखे तुकडे घेतले, दोन्ही वायरींना तेच लावले आणि त्याच पोतेऱ्यावर टेकवले. काटा हलला नाही. पुन्हा एक तांबं, एक जस्त, बुवांच्या सळयांसारखंच. काटा उठला. साहेब ते बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"सेल आहे हा," ते म्हणाले. "दोन निराळे धातू आणि मध्ये ओल. एवढ्यावर काटा हलतो. मन नको, पाप नको. अरे, याच्यावर तर आपण सगळे जगतो, आणि मी..."

मी खाऱ्या पाण्यात दोन्ही हात बुचकळले आणि सळया धरल्या. काटा थेट टोकाला.

"काचकाका, निर्मळ आत्मा कुठे गेला?" पहारेकऱ्याने विचारलं.

"धुऊन निघाला," मी म्हणालो.

मावशींनी हात साबणाने धुतले, पुसले, पंख्याखाली धरले. मग पुन्हा सळया उचलल्या. काटा जेमतेम हलला, इतर कुणाच्याही हलला असता तेवढाच. तेव्हा आम्हाला नीट उमगलं. जो घाबरतो त्याचे तळहात घामेजतात, घामात मीठ असतं, आणि ओल्या खारट हातांवर काटा चढतो. काटा चढला की माणूस आणखी घाबरतो. बुवांचं यंत्र पापावर नाही, भीतीवर चालत होतं, आणि ती आम्ही बासष्ट जण सकाळपासून फुकट पुरवत होतो.

या गडबडीत बुवा पेटी तिथेच टाकून गेटकडे निघाले होते. त्यांच्या आधीच तिथे पोचलेला पहारेकरी त्या दिवशी, कधी नव्हे तो, जागा होता.

आणि पत्रा? वर गेल्यावर साहेबांनी प्रथमच प्रयोगशाळेची नोंदवही उघडली. चार दिवसांत ती कोणी उघडली नव्हती. वही उघडायच्या आधी आम्ही बुवा बोलावला होता. रजेवर गेलेल्या धाकट्या केमिस्टने शनिवारच्या पानावर बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: *पत्र्यावर काळा थर चढवला. शुद्ध पाण्याच्या बाटलीत ठेवला आहे, सुकू देऊ नये.* प्लॅटिनमवर प्लॅटिनमचाच बारीक थर दिला की तो काजळीसारखा दिसतो, मापं मात्र जास्त स्थिर येतात. आम्ही सगळे चकचकीत पत्रा शोधत होतो. ती बाटली मी स्वतः दोनदा उचलून बाजूला ठेवली होती, जळकी पट्टी आहे समजून. माझ्याच हातची दांडी, आणि मला ओळखू आली नाही.

साहेब स्टुलावर बसले. बाटली हातात घेऊन म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला मारलं असतं."

मावशींनी माफ केलं म्हणालो तर ती माझी नेहमीची थाप ठरेल. त्यांनी फक्त बाटली साहेबांच्या हातातून घेतली, पाण्याची पातळी पाहिली, थोडं पाणी घातलं आणि बुचावर चिठ्ठी चिकटवली. मग खाली जाऊन ते पोतेरं स्वच्छ धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. आठ दिवस त्या साहेबांशी कामापुरतंच बोलल्या. बरोबर केलं.

आता तुम्ही म्हणाल, काचकाकांवर कोण विश्वास ठेवणार. मुळीच ठेवू नका. तांब्याचा एक तुकडा घ्या, जस्ताचा एक घ्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा आणि बारीक प्रवाह दाखवणारा काटा जोडा. भिंतीतल्या विजेच्या वाटेला मात्र जाऊ नका. काटा हलला तर मी खरं बोललो, नाही हलला तर फुगा गुरुवारी परत आला होता असं समजा. आणि उद्या कोणी तुमच्यासमोर एखाद्या माणसाकडे बोट दाखवून म्हणालं, बघा काटा हलला, तर भीती वाटली तरी चालेल. मावशींनाही वाटत होती. फक्त त्या भीतीतच, थरथरत्या आवाजात का होईना, एवढं विचारा: ब्लँक घेतला का?