पाठीवरचा चीक

मी बोलतोय, मांडवीतल्या एका स्वयंपाकघरातल्या फळीवरचा कोकमतेलाचा गोळा. पाहुणे मला साबण समजून उचलतात आणि ओशाळून परत ठेवतात.

मागच्या उन्हाळ्यात ऋजुताने कोकमाच्या बिया वाळवल्या, कुटल्या, पाण्यात उकळल्या. वर तरंगलेलं तेल थिजलं, तसं तिने मला मुठीत दाबून आकार दिला. तिची बोटं माझ्या अंगावर उमटली. टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ आणि आंब्याचा चीक उतून भाजलेली कातडी, ही माझी कामं. आंब्याची बाग असलेल्या या घरात माझ्याशिवाय पान हलत नाही, असा माझा तोरा होता.

यंदा ऐन हंगामात ऋजुताला गाठींचा कॅन्सर निघाला. सलाइनमधून अँटिबॉडीचं औषध सुरू झालं. पहिल्या खेपेला थंडी वाजली, ताप चढला. सिस्टरने सलाइन हळू केलं आणि निभावलं. निघताना तिने बजावलं, "घरी पुरळ, खाज, धाप, काहीही झालं तरी फोन करा. किरकोळ समजू नका."

घरी आल्यावर कुणाचं न ऐकता ऋजुता आंबे निवडायला बसली. संध्याकाळी मनगटांवर, मानेवर लाल गांधी उठल्या.

"अहो, बघा ना, किती खाज सुटलीय. सिस्टरला फोन करू या का?"

तिचा नवरा श्याम दिवसभर आंबे उतरवून दमला होता. "चीक उतलाय गो. दरवर्षीचंच आहे. थांब, कोकमतेल चोळतो."

त्याने मला तळव्यावर घासून ऊब दिली. मनगट झालं, मान झाली, मग पाठ. तिथे मी दचकलो. चिकाने कातडी काळवंडते, सोलते. हे तर मऊ, फुगलेलं काहीतरी होतं. आणि कपड्याच्या आत, पाठभर चीक जाईलच कसा? श्यामचा हातही क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

मी माझं काम चोख केलं. खाज निवली, ऋजुताला झोप लागली आणि फोन राहून गेला. तिला बरं वाटायला लावलं, हाच माझा गुन्हा.

पुढच्या खेपेला ओठ कोरडे पडतात म्हणून मी तिच्या पर्समध्ये होतो. सिस्टरने विचारलं, "मधे काही त्रास?"

ऋजुताने तोंड उघडायच्या आत श्याम म्हणाला, "छे हो. जरा चीक उतला होता, एवढंच."

सलाइन सुरू झालं आणि थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले. "अहो, श्वास..." एवढंच ती बोलू शकली. सिस्टरने धावत येऊन सलाइन बंद केलं, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. ती वाचली. डॉक्टर श्यामला म्हणाले, "पुरळ आलं होतं हे आधी कळलं असतं, तर तयारीनिशी, अगदी सावकाश दिलं असतं."

श्याम बाहेर बाकावर पर्स घेऊन बसला. पाण्याची बाटली शोधताना त्याच्या हाती मी लागलो. त्याने मला मुठीत घट्ट धरलं. "पाठीवर होतं ते. माझ्या हाताला कळलं होतं," तो पुटपुटला. "आणखी एक दुखणं नको म्हणून मीच चीक म्हटलं."

मलाही कळलं होतं रे, असं सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे? त्याच्या मुठीत तिची बोटं पुसली गेली आणि त्याची उमटली.

पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अगदी सावकाश औषध पुन्हा सुरू झालं, तेव्हा सिस्टरने तोच प्रश्न विचारला. श्यामचे ओठ हलले, मिटले. तो ऋजुताकडे वळला. "तू सांग." ती सांगत राहिली. थकवा, डोकेदुखी, कानामागची एक गांध. तो मान खाली घालून ऐकत होता.

आता मी झिजून सुपारीएवढा उरलोय. भेगांना मला खुशाल लावा. पण दुखण्याचं कारण ठाऊक नसेल, तर मला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

परवा ऋजुताची पाठ पुन्हा खाजू लागली. श्यामने सवयीने मला उचललं, तिच्या पाठीपर्यंत नेलं. मग ओट्यावर ठेवलं आणि तेलकट बोटांनी आधी फोन लावला. मी तसाच पडून राहिलो. पाठीला न लागता इतकं हलकं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.