गठ्ठ्यातला वरचा अर्ज

शेखरने माउस उलटा करून त्याच्या पोटातली गोळी बाहेर काढली, तिच्यावरचा मळ नखाने खरवडला, फुंकर मारली आणि माउस जागेवर ठेवता ठेवता त्याचा हात थबकला. खालच्या कागदावरून एक मुलगी त्याच्याकडे बघत होती. म्हणजे बघितलं असतं, पण तिला डोळे नव्हते. दोन वेण्या होत्या, शाळेचा गणवेश होता. मधला चेहरा घासून पांढराफटक झाला होता.

नाव मात्र शाबूत होतं. ओवी. रहिवासी दाखल्याचा अर्ज. खाली आजोबांची सही, बाबाराव.

टेबलावर काच होती आणि काचेवर माउस चालत नसे. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी शेखरने हाताला लागला तो कागदांचा गठ्ठा खाली घेतला होता. त्यावर माउस कसा लोण्यासारखा फिरायचा. या मुलीच्या तोंडावर त्याने पत्त्यांचे दीडशे डाव खेळले होते. जिंकले होते नऊ.

आणि बाबाराव बाहेर बाकावर बसले होते. चौथ्यांदा. आधीच्या तिन्ही वेळा शेखरने मान वर न करता सांगितलं होतं, "काकाजी, सर्व्हर डाउन आहे."

खोलीत सर्व्हर नव्हता. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दोघांवर पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या फुलाफुलांच्या कापडाची झूल. चपला दाराबाहेर काढायच्या. रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. लाल दिव्याच्या गाड्यांबरोबर हे कॉम्प्युटरचे शब्दही आले होते. पूर्वीचे बाबू 'साहेब दौऱ्यावर आहेत' म्हणत, पण त्यात साहेब समोरून चालत येण्याचा धोका असे. सर्व्हर कधी समोरून चालत येत नाही. बघता बघता शब्द घराघरात शिरले. शेजारच्या टेबलावरच्या विजया मॅडमचा गुडघा आता दुखत नसे, हँग होई. नवऱ्याला त्यांनी दोनदा फॉरमॅट करून पाहिलं होतं. शिपाई नत्थू जेवल्यावर अर्धा तास शटडाउन होई.

"काहून रे, चेहरा काहून हँग झाला तुझा?" विजया मॅडमनी विचारलं.

शेखरने अर्ज त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला.

"डिलीट मार. नवीन भरा म्हणावं."

"आज शेवटची तारीख आहे मॅडम. पाच वाजेपर्यंत दाखला नाही दिला, तर कॉलेजातली जागा जाईन पोट्टीची."

घड्याळात साडेतीन झाले होते.

"मग डाउनच राहू दे सर्व्हर," त्या म्हणाल्या आणि फाइलीत शिरल्या.

शेखर अनवाणीच बाहेर आला. त्याला पाहून बाबाराव उभे राहिले. एवढ्या म्हाताऱ्या माणसाने आपल्यासाठी उठायला नको होतं, असं शेखरला वाटलं.

"आला का बेटा सर्व्हर?"

"काकाजी, ते... फोटो जरासा खराब झाला."

बाबारावांनी अर्ज हातात घेतला. नातीच्या चेहऱ्याच्या जागी अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात तसाच फोटो होता. याला डोळे होते, नाक होतं.

"दोन काढून ठेवले होते. सरकारी कामात एक खराब होते, मले मालूम आहे."

"काकाजी, सर्व्हर तर..."

"राहू दे ना. मी रेल्वेच्या तारघरात होतो, गोंदियाले. सत्तावीस वर्षं. पत्ते रंगात आले का आम्ही लाईन तुटली म्हणत होतो."

शेखर पायाकडे बघू लागला. पायात चपला नाहीत हे त्याला तेव्हा कळलं.

"एक बाई यायची. नवऱ्याची खबर आली का, विचारायची. तीन दिवस मी तिले लाईन तुटली सांगितलं. तार माह्या टेबलाच्या दराजात होती."

"मग?"

"चौथ्या दिवशी ते आलीच नाही." बाबाराव पुन्हा बाकावर टेकले. "मी आलो ना. म्हणून म्हणतो, लवकर कर."

दाखल्याला एकूण चार मिनिटं लागली. साहेबांनी न वाचता सही केली. चार वाजून पाच मिनिटांनी बाबारावांनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला, शेखरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. फाटकाशी दोन वेण्यांची एक मुलगी सायकल धरून उभी होती. शेखरने तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं.

आत येऊन तो खुर्चीत बसला. पत्त्यांचा डाव अर्धाच होता. त्याने माउसला हात लावला, मग माउस बाजूला ठेवून गठ्ठा उचलला. आता वर दुसरा अर्ज होता. माया. तारीख गेल्या महिन्यातली. फोटोतली बाई नीट दिसत होती, अगदी स्वच्छ.

तो दारापर्यंत गेला आणि मोठ्याने नाव पुकारलं. नत्थूने झोपेतून एक डोळा उघडला. शेखरने पुन्हा पुकारलं.

"आला वाटते सर्व्हर!" आतून विजया मॅडम म्हणाल्या.

बाकावर कोणी नव्हतं. शेखरने तिसऱ्यांदा नाव पुकारलं, या वेळी जरा हळू.