ती ‘बाबा’ कुणाला म्हणाली

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खुर्च्यांमधल्या वाटा भरल्या, आणि खिडक्यांत चढून बसलेल्यांनी बाहेरची हवासुद्धा अडवली. समोर फळ्या ठोकून केलेलं उंच व्यासपीठ. त्यावर मधोमध आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, अनवाणी, डोळ्यांवर काळी पट्टी. तिच्या मागे कमरेइतका उंच ढोल, ढोलामागे दाढीवाले नादबाबा, आणि त्यांच्या शेजारी बासरी घेतलेला चष्मेवाला चेला.

“जन्मापासून बहिरी,” नादबाबा माइकवर म्हणाले. “कानात यंत्रं घातली. यंत्र म्हणजे काय हो? प्लास्टिक आणि तार. तारेला परमेश्वर कळतो का? मी म्हटलं, काढा ती. आता उद्या कुणी शहाणा म्हणेल, पोरगी ओठ वाचते. म्हणून ही पट्टी. काढा एक चित्र.”

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी चेल्याच्या हातातल्या चित्रांमधून एक ओढलं. छत्री. चेल्यानं ते मुलीच्या पाठीमागे उंच धरलं, मग बासरी ओठांना लावली. सूर असा काही निघाला की माणसं डोळे मिटून डोलायला लागली. ढोल मधूनच घुमला.

“अंब्रेला,” मुलगी म्हणाली.

टाळ्यांनी सभागृहाचं छप्पर उडायची वेळ आली. दुसरं चित्र, खिडकी. “विंडो.” तिसरं, हत्ती. “एलिफंट.”

“बघा,” नादबाबा म्हणाले, “ऐकते, आणि तेही इंग्रजीत ऐकते. नादाला भाषेचं बंधन नाही.”

नादाला भाषेचं बंधन नसेलही. पण मग तो उतरतो तो नेमका आईबापांना जी भाषा पोरांना यावीशी वाटते तिच्यातच का उतरतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

चेल्यानं पट्टी सोडली. मुलीनं उजेडाला डोळे मिचकावले, समोर पाहिलं आणि हसून म्हणाली, “बाबा.”

झालं. अर्ध्या सभागृहानं नादबाबांपुढे मान लववली. एक म्हातारे गृहस्थ तर हुंदके द्यायला लागले. नादबाबांनी हात वर केला आणि मुलीला पुन्हा पट्टी बांधायला लावली.

शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या इंग्रजीच्या बाईंनी मात्र वेगळंच पाहिलं. पोरगी नादबाबांकडे पाठ करून उभी होती. ती बघत होती पहिल्या रांगेत बसलेल्या बसड्रायव्हरकडे. तो तिचा बाप.

बाई काही देवाधर्माच्या वैरी नव्हत्या. उलट, गाऊन सांगितलेलं प्रवचन असलं की या बाई पोळ्या तव्यावर टाकून जायच्या, आणि घरी येताना तोच अभंग गुणगुणत दोन वेळा रस्ता चुकायच्या. शाळेत त्यांना ‘गाणीवाल्या बाई’ म्हणत. इंग्रजी त्या गाण्यांतून आणि जादूतून शिकवायच्या. नाणं मुठीत लपवायचं आणि पोरांनी इंग्रजीतच विचारायचं, डाव्या हातात आहे का, उजव्या हातात आहे का. पोरं हातांकडे बघत राहायची, नाणं कधीच खिशात गेलेलं असायचं. “जादूगार जिकडे बघायला लावतो, तिकडे काही नसतं,” हे त्या पोरांना वर्षातून शंभरदा सांगायच्या.

ती मुलगी त्यांच्याच वर्गातली. पहिल्या बाकावर बसायची. दोन्ही कानांमागे यंत्रं, आणि बोटं सतत बाकावर वाजत असायची, म्हणून सगळ्यांनी नाव ठेवलेलं टिकटिक. यंत्रांनी तिला बरंच ऐकू यायचं. पण महिनाभरापासून कान मोकळे होते. वर्ग गात असला की ती कुणाच्या तरी तोंडाकडे बघून उगाच ओठ हलवायची. ‘शाळा’ म्हणताना तिचा ‘श’ बोथट व्हायला लागला होता. कानाच्या डॉक्टरांनी किती मेहनतीनं बसवलेला तो ‘श’.

बाई मागच्या आठवड्यात बस डेपोत गेल्या होत्या. ड्रायव्हर फडक्यानं काच पुसत होता.

“टिकटिकचे बाबा, यंत्रं कुठायत?”

“डबीत ठेवलीत. नादबाबांनी बंद करायला सांगितलंय.”

“आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“डॉक्टर म्हणतात जन्मभर लावा.” त्यानं फडकं पिळलं. “बाई, तुमची पोरं हाकेला वळतात ना? माझी नाही वळत. यंत्र घातलं की वळते, काढलं की मी भिंत आणि ती भिंत. मला हाक यंत्राला मारायची नव्हती, पोरीला मारायची होती. त्या दिवशी मी व्यासपीठावर तिच्या पाठीमागून हाक मारली, बाबांनी ढोलाला हात लावला, आणि ती वळली. यंत्र नव्हतं कानात. तुम्ही मला काहीही सांगा, मी ते डोळ्यांनी पाहिलंय.”

“घरी वळते?”

त्यानं काच पुन्हा पुसली. ती स्वच्छच होती. “घरी नाही. बाबा म्हणतात, घरात शंका आहे. बायकोची.”

“म्हणजे वळली तर बाबांचं श्रेय, नाही वळली तर बायकोचा दोष. झकास.”

“बाई, तुम्ही देवमाणूस आहात, पण यात पडू नका.”

बाई पडल्या नसत्या असं नाही. पण पडायचं कुठून, ते त्यांना कळत नव्हतं. म्हणून आज त्या बघायला आल्या होत्या.

आणि आता त्यांना तो ढोल ऐकू आला. म्हणजे ढोल सगळ्यांनाच ऐकू येत होता, पण सगळे कान देऊन बसले होते बासरीला. छत्रीच्या वेळी ढोल वाजला होता: टक-धूम-टक. खिडकीला धूम-टक. हत्तीला धूम-टक-टक.

बाईंच्या अंगाला आधी घाम फुटला आणि मग आग लागली.

हा त्यांचाच खेळ होता, चित्रंही तीच. इंग्रजी शब्दाचा जोर कुठे पडतो ते पोरांना कळावं म्हणून त्यांनी तो रचला होता. अं-ब्रे-ला, मधल्यावर जोर. ए-लि-फंट, पहिल्यावर. बाई बाकावर ठोके द्यायच्या आणि पोरांनी त्यावरून ठरलेल्या चार चित्रांतलं एक ओळखायचं. या खेळात टिकटिकला कुणी हरवू शकायचं नाही, कारण ती ठोके कानानं घ्यायचीच नाही. तळहात बाकावर पालथा ठेवायची आणि लाकडातून घ्यायची. शाळेच्या स्नेहसंमेलनाला भाड्यानं आणलेला ढोलवाला वर्गाच्या दारात उभा राहून हे सगळं कौतुकानं बघत होता. “भारी आहे हो पोरगी,” असं म्हणालाही होता. तेव्हा त्याला दाढी नव्हती.

घरी ती वळत नव्हती, कारण घरी फरशी होती. इथे फळ्या होत्या आणि पोरगी अनवाणी होती.

तेवढ्यात चेल्यानं काचेची मोठी बरणी पुढे आणून ठेवली. पाण्यानं भरलेली.

“ज्यांची लेकरं ऐकत नाहीत त्यांनी पुढे या,” नादबाबा म्हणाले. “यंत्रं पाण्यात सोडा. परतीची वाट ठेवलीत तर नाद उतरणार नाही. आधी आपल्या या लेकीचे वडील.”

ड्रायव्हर उठून व्यासपीठावर चढला. त्याच्या मुठीत डबी होती. त्याच्यामागे दोन आया आपापली लेकरं कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. एकीनं मुलाच्या कानातलं यंत्र काढलं सुद्धा. मुलगा तिच्या हाताकडे झेपावत होता.

बाई वाट काढत निघाल्या. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणी “अहो, डोळे आहेत का” म्हणालं. व्यासपीठाच्या पायऱ्या चढून त्या ड्रायव्हर आणि बरणी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या.

“माझं एक चित्र घ्या,” त्या नादबाबांना म्हणाल्या. “मग बुडवा काय बुडवायचं ते.”

नादबाबांनी त्यांना ओळखलं. दाढीच्या आत काहीतरी हललं. “माताजी, इथे परीक्षा घेत नाहीत. इथे शरण जातात.”

“आत्ताच तर तुम्ही म्हणालात, उद्या कुणी शहाणा म्हणेल. मी आज आलेय. तेवढं चालवून घ्या.”

कुणीतरी हसलं. मागून एक आवाज आला, “घेऊ द्या की बाबा. तुम्हाला काय भीती?”

भक्तानंच गळ घातली म्हटल्यावर बाबांना मान हलवावी लागली.

“ढोल खाली उतरवा,” बाई म्हणाल्या. “सभागृहाच्या फरशीवर ठेवा. तिथून वाजवा, हवा तेवढा मोठ्यानं. बासरीही वाजू दे.”

“ढोलाची जागा सिद्ध केलेली आहे, माताजी. ती हलवली तर…”

“नादाला भाषेचंसुद्धा बंधन नाही म्हणता, आणि चार पायऱ्या उतरवल्या तर बिघडतो? एवढा नाजूक आहे होय?”

पहिल्या रांगेतल्या दोन तगड्या माणसांनी ढोल उचलून खाली ठेवला. नादबाबांनी तो बडवला. खिडक्यांची तावदानं थरथरली, कडेवरचं एक लेकरू दचकून रडायला लागलं. चेला जीव ओतून बासरी वाजवत होता. हत्तीचं चित्र वर होतं.

टिकटिक उभी होती. वाट बघत होती. पायाची बोटं तिनं फळीवर पसरली, आवळली, पुन्हा पसरली. ओठ उघडले नाहीत.

“शंका,” नादबाबा घाम पुसत म्हणाले. “व्यासपीठावर शंका उभी आहे.”

“उभी आहे,” बाई म्हणाल्या. “तीच आता वाजवणार आहे. तुम्ही दोघं हात जोडून गप्प बसा. बासरी खाली ठेवा. देवाची कृपा नको, नाद नको, काही नको.”

त्यांनी चप्पल काढली. मुलीच्या मागे चार हात लांब उभं राहून टाच फळीवर आपटली. टक. धूम. टक.

“अंब्रेला,” टिकटिक लगेच म्हणाली.

धूम-टक-टक.

“एलिफंट.”

मग बाईंनी एकदाच, जोरात. धूम.

“ट्री.”

बाईंना पुढचं सुचलं नाही, म्हणून त्यांनी वर्गात शेवटी द्यायच्या त्या शाबासकीचे दोन चटपटीत ठोके दिले. पोरीनं स्वतःच्या हातानं पट्टी वर सरकवली, गर्रकन वळली आणि म्हणाली, “बाई, मला वाटलंच तुम्ही. मी एकही चुकले नाही ना?” मग समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून तिचा आवाज खाली आला. “खेळ आहे ना हा?”

तिला कुणी खोटं बोलायला शिकवलंच नव्हतं. त्याची गरजच पडली नाही. तिला वाटत होतं, बाईंचा खेळ मोठ्या वर्गात चाललाय आणि सगळी मोठी माणसं टाळ्या वाजवताहेत.

बाई सभागृहाकडे वळल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. पण आज तो आपोआप चढला.

“मी रोज देवाचं नाव घेते. प्रवचनाला गेले की माझे डोळे भरतात. म्हणून जास्त चीड येते. गाणं ही देवाची वस्तू, आणि यानं तिचा पडदा केला, हात दिसू नये म्हणून. तुम्हाला बासरी ऐकवली आणि पोरीच्या तळपायाला ढोल ऐकवला. लाकूड थरथरतं. तुम्ही आत्ता इथे येऊन तळवा टेकवा, तुम्हालाही कळेल. त्यासाठी बाबा लागत नाही. आणि या अशा खेळापायी तीन लेकरांचे कान बरणीत बुडणार होते.”

“पण बाई, श्रद्धा…” पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सुरुवात केली.

“ठेवा ना काका. पण जो म्हणतो तपासू नका, त्याच्यावर नको. देवानं कधी म्हटलंय, ढोल खाली उतरवू नका म्हणून?”

गृहस्थ खाली बसले. कडेवर मूल घेतलेली आई यंत्र परत मुलाच्या कानात बसवत होती. या गडबडीत चेला बासरी विसरून मागच्या दारानं निघाला. नादबाबांनाही त्याच वाटेनं जायचं होतं. पण ढोल उचलून देणारी ती दोन तगडी माणसं दारात उभी होती, आणि त्यांना काही प्रश्न विचारायचे होते.

ड्रायव्हर अजून बरणीजवळच होता. त्यानं डबी उघडली, यंत्रं पोरीच्या कानांमागे लावली. ती नाही म्हणून मान हलवत राहिली. महिनाभर बंद राहून बॅटऱ्या संपल्या होत्या.

“म्हणजे त्या दिवशी ती…” तो बाईंना म्हणाला. “माझ्या हाकेला नाही वळली.”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. “ढोलाला वळली,” त्या म्हणाल्या. “बघायला, की ठोके कोण देतंय.”

त्याचा चेहरा असा झाला की बाईंनी मान दुसरीकडे केली. पोरगी एव्हाना बरणीत बोट बुडवून पाण्यावर टिकटिक करत होती, बापाकडे पाठ करून. ड्रायव्हरनं बूट काढले. मोजे काढले. जडशीळ टाच उचलली आणि फळीवर दोनदा टेकवली. कुठल्याच इंग्रजी शब्दासारखी नाही, आपली साधी. तिच्या टोपणनावासारखी.

ती वळली. ओली बोटं फ्रॉकला पुसली.

“बाबा,” ती म्हणाली.

या वेळी सभागृहात कुणीही मान लववली नाही. कुणाला म्हणाली ते सगळ्यांना दिसत होतं.

तुमच्याही गल्लीत असा कुणी येईल. त्याचं गाणं गोड असेल, कदाचित खरंच गोड असेल. डोला खुशाल. पण डोळे उघडे ठेवून डोला, आणि तो बासरी दाखवायला लागला की ढोलाकडे बघा. ढोल हलवायला सांगा. तो नाही म्हणाला, तर लेकराचा हात धरून घरी चला. आणि लेकरू हाकेला वळेनासं झालं, तर आधी बॅटरी बदला.